ताणलेला डोंगर

या, असे जवळ सरका. भिंतीला टेकू नका, टेकलेल्या माणसाच्या कानात गोष्टीआधी झोप शिरते. एका सुनेची आणि एका उंचवट्याची गोष्ट सांगतो. तो डोंगर होता की टेकडी, हे ज्याचं त्यानं ठरवावं. देवानं त्यावर पाटी काही लावून ठेवलेली नाही.

तर घरात माणसं दोनच, सून आणि सासरे. खाली कारखाना, वर दोन खोल्या. धंदा डोंगरदऱ्या बनवायचा. नकाशावरच्या उंचीच्या रेषांप्रमाणे पुठ्ठे कापायचे, एकावर एक चिकटवायचे, वरून प्लास्टर लिंपायचं, की शाळेच्या टेबलावर मांडायला पर्वत तयार. या धंद्याची एक रीत आहे. उंची नेहमी ताणून घ्यायची. खऱ्या मापात केला तर भलामोठा पर्वतसुद्धा अंगावर उठलेल्या पुळीएवढा दिसतो, आणि गिऱ्हाईक म्हणतं, "हे काय, पैसे पर्वताचे आणि माल पुळीचा?"

खिडकीत सासऱ्यांनी एक मॉडेल ठेवलं होतं, घरामागच्याच उंचवट्याचं. त्याची उंची त्यांनी इतकी ताणली होती की कडे सुरीच्या पात्यासारखे उभे. तिथल्या एका वळणावर पाय घसरून त्यांचा मुलगा, म्हणजे सुनेचा नवरा, गेला होता. तेव्हापासून घरातल्या कोणी 'डोंगरा'कडे फिरकायचं नाही, असा नियम झाला. घरातलं कोणी म्हणजे सूनच, दुसरं होतं कोण? पुढे पुढे डोंगरच काय, गल्लीचं टोकही लांब वाटू लागलं. दाराला कुलूप नव्हतं. पण तिनं चपलांत पाय घातला रे घातला की वरून खोकला यायचा, "पोरी, कुठं निघालीस?" आणि चपला पुन्हा कोपऱ्यात. कुलपाला निदान किल्ली तरी असते.

एक दिवस उंचवट्यापलीकडच्या शाळेच्या मोठ्या बाई आल्या.

"गाडीनं वळसा घालून आले बाई, अर्धा दिवस त्यातच गेला," त्या घाम पुसत म्हणाल्या. "तुमच्या मागचा तो उंचवटा आमच्या वर्गातून दिसतो. अर्धी मुलं म्हणतात डोंगर, अर्धी म्हणतात टेकडी. प्रकरण शेंड्या उपटण्यापर्यंत आलंय. मला तो खऱ्या मापात करून द्या. तसूभरही ताणायचा नाही." मग सुनेच्या प्लास्टरनं पांढऱ्याफटक झालेल्या हातांकडे त्यांचं लक्ष गेलं. "आणि मुलांना हे काम शिकवायला माणूस हवंय. मॉडेल घेऊन तूच ये. उंचवट्यावरून पायवाट आहे, रोज चालत जमेल. आलीस तर जागा तुझी."

"तो डोंगर आहे," सासरे जिन्यातून म्हणाले. "ती येणार नाही."

"काका, तिला विचारते ना."

"विचारा की! तीही हेच सांगेल."

सुनेनं मान खाली घातली.

काम मात्र हातात घेतलं. खऱ्या मापाला पुठ्ठा जाड पडत होता, म्हणून तिनं पातळ कागद कापले, लिंपलं, वाळवलं. फळीवर उरला केवढा, तर चादरीखाली मांजराचं पिल्लू निजावं तेवढा फुगवटा. बघता बघता तिचं टाळकं फिरलं. एवढ्याशासाठी मी स्वतःला कोंडून घेतलं? फळी उचलून ती तरातरा वर गेली आणि तिनं ती सासऱ्यांच्या पुढ्यात आदळली.

सासऱ्यांनी बोट फिरवलं. वाटेचं वळण बोटाला बरोबर सापडलं. बोट तिथंच थांबलं.

"एवढ्याशा टेकडीवरून गेला?" ते म्हणाले. "एवढ्याशा?"

तेव्हा कुठं तिला कळलं, खिडकीतले कडे कशासाठी ताणले होते ते. राग असता तर तणतणत निघून जाता आलं असतं. आता माया आली, आणि पाय दुप्पट जड झाले. ती खाली बसली.

"बाबा, टेकडीच आहे ती. लहानच आहे. पण तुमचा मुलगा लहान नव्हता. त्याला मोठं ठेवायला ती कशाला मोठी करायची?"

सासऱ्यांनी फळीवरचं बोट उचललं. मग ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "दिवेलागणीच्या आत ये."

फळी फडक्यात बांधून ती निघाली. त्या वळणापर्यंत गेली आणि पाय रुतले. मागे वळून पाहिलं तर खिडकीत म्हातारा. खोकला इतक्या लांब ऐकू येणं शक्यच नव्हतं, तरी तिला तो ऐकू आला. तिनं जमिनीला हात लावला, तो कपाळाला लावला, देवाचं नाव घेतलं. फळी छातीशी धरून एक पाऊल टाकलं, मग दुसरं.

दिवेलागणीला परतली तेव्हा सासरे दारातच उभे होते.

"काय निघालं? डोंगर की टेकडी?"

"मी गेल्या गेल्या मुलांनीही हेच विचारलं."

"मग?"

"म्हटलं, मॉडेलला हात लावून बघा, आणि मग स्वतः चढून बघा."

"तुला धाप लागली?"

"लागली की! अर्ध्यात बसावंसं वाटलं."

"मग डोंगरच तो."

"बरं, डोंगर तर डोंगर. उद्या पुन्हा जायचंय."

ते खोकले. चपला काढता काढता ती थांबली. "चपलेचा अंगठा सुटत आलाय," ते म्हणाले, "आधी तो शिवून घे."

सून सुटली, बापांनो. म्हातारा मात्र अजून त्या खिडकीतच बसलेला आहे, ताणलेल्या डोंगराशेजारी, वाटेकडे डोळे लावून. तुमच्या घरी कधी कोणाला परतायला उशीर झाला आणि जीव दाराशी जाऊन बसला, तर देवाचं नाव घ्यालच. तेव्हा त्या म्हाताऱ्याचीही आठवण ठेवा.