बाटलीवरची रेघ

तबिथाने औषधाच्या बाटलीवर बॉलपेनाने बारीक रेघ मारली आणि लगेच तिची तिलाच लाज वाटली. औषध जिथवर होतं, बरोबर तिथेच. लॅबमध्ये दिवसभर रक्ताच्या नळ्यांवर नावं चिकटवणाऱ्या हाताला असली कामं चोख जमतात. पण तिथल्या नळ्या परक्यांच्या. ही बाटली घरातली, आणि जिच्यावर नजर ठेवायची ती नवऱ्याची आई.

"काय गो, अजून निघाली नाहीस? रिक्षा जाईल ना तुझी."

"निघाले, आई. आठ वाजता हनूचं औषध. पाच मिली."

"मला काय आज सांगतेस? पाच महिने देत्येय मी." यमुनाबाईंनी विळीवरून मान वर केली नाही. नारळ खवायचा आवाज मात्र जरा जोरात यायला लागला.

उंबऱ्यावर अडीच वर्षांची हन्ना मांजराला बिस्किट भरवत बसली होती. एक तुकडा मांजराला, एक स्वतःला. तबिथाने तिच्या तेल लावलेल्या टाळूवर ओठ टेकले. "आईऽ, टाटा," हन्ना म्हणाली, मांजराकडे बघत.

रिक्षात बसल्यावर तबिथाला वाटलं, उतरावं आणि चमचा आपणच द्यावा. पण आज दिला, उद्याचं काय?

जूनमध्ये भात खाता खाता हन्नाचे डोळे वर गेले होते. ताप नाही, पडणं नाही, काही नाही. आठ दिवसांनी पुन्हा तेच. डॉक्टरांनी सिरप लिहून दिलं, सकाळ-संध्याकाळ, दोन वर्षं, एकही वेळ न चुकवता. "बरी दिसते म्हणून मनाने बंद करायचं नाही," असं त्यांनी दोनदा सांगितलं. त्यानंतर पाच महिन्यांत आकडी आली नव्हती. औषधाने पोर सुस्तावायची, दुपारी उगाच किरकिर करायची, एवढंच. पण चर्चच्या मंडळीतल्या बायका म्हणायला लागल्या, "एवढी प्रार्थना केली सगळ्यांनी, बरी झाली की ती. आता कशाला बाटली?" नवरा, नितेश, जहाजावर. रेंज मिळाली की फोनवर म्हणायचा, "तू बघ, तुला समजेल ते कर." तबिथाला तेच तर समजत नव्हतं.

म्हणून गेल्या रविवारी तिने चिठ्ठी टाकली. त्यांच्या देवळात दाराशी लाकडी पेटी आहे. ज्याला जे मागायचं ते त्याने नाव न घालता लिहून टाकायचं. त्या चिठ्ठ्या कुणी वाचत नाही. शनिवारी काशीराम पेटी उघडतो आणि त्या पाळकांच्या घरामागच्या बंबात जाळतो. तिच्या आजीच्या वेळेपासूनची ही रीत. ज्याच्यासाठी लिहिलं त्याने ते वाचलेलं असतं, मग कागद कशाला ठेवायचा? तबिथाला वेळेवर कागद मिळाला नाही, तेव्हा तिने पर्समधल्या सिरपच्या रिकाम्या खोक्याचं जांभळं झाकण फाडून त्यावर लिहिलं: प्रभू, शहाणपण दे. सकाळी चमचा हातात घेतला की हात थांबतो. औषध देणं म्हणजे तुझ्यावर अविश्वास का?

आणि काल, गुरुवारी, तीन संध्याकाळच्या सभांपैकी पहिल्या सभेत उत्तर आलं.

मुंबईहून आलेले पाहुणे उपदेशक बंधू बोलता बोलता थांबले, डोळे मिटले. "इथे एक आई आहे. लहान मुलीची आई. रोज सकाळी हातात चमचा धरून ती थांबते. बाई, प्रभू म्हणतो, चमचा खाली ठेव." मग ते म्हणाले, शहाणपण मागणाऱ्याने संशय धरू नये. संशय धरणारा माणूस म्हणजे समुद्राची लाट, वारा नेईल तिकडे जाणार. त्याला काही मिळायचं नाही. मांडवीच्या किनाऱ्यावर वाढलेल्या तबिथाला लाट सांगायला नको होती. शेजारी यमुनाबाई पदर डोळ्यांना लावून रडत होत्या. सभेनंतर बंधूंनी त्यांनाही बाजूला घेतलं, कानात काहीतरी सांगितलं. घरी येताना त्या एवढंच म्हणाल्या, "देवाचा माणूस आहे हो."

तबिथाला रात्रभर एकच टोचत राहिलं. चमचा. बंधूंनी 'औषध' म्हटलं नाही, 'आजार' म्हटलं नाही. तिचाच शब्द उचलला होता. देव उत्तर देताना प्रश्नातलेच शब्द वापरतो का? आणि असं विचारणं हीच ती लाट का?

शुक्रवारी दुपारी दीडला ती लॅबमधून आली. चप्पल काढायच्या आधी तिने फडताळातली बाटली उचलली. औषध रेघेवरच होतं. केसभरही खाली नाही.

"आई."

यमुनाबाई कालवणाला फोडणी देत होत्या. त्यांनी गॅस बारीक केला, वळल्या. "नाही दिलं. खोटं बोलणार नाही मी."

"मला न विचारता?"

"विचारायचं कुणाला? ज्याला विचारायचं त्याला तूच विचारलंस ना? पेटीशी बघितलं मी तुला. त्याने सांगितलं. आता तू संशय घेतेस. नि ही रेघ कुणासाठी? माझ्यासाठी ना? बोल की."

"आकडी आली तर, आई?"

"नाही येणार." पण हे म्हणताना त्यांची नजर हन्नाकडे गेली, आणि जरा जास्तच वेळ तिथे राहिली.

तबिथाने डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, संध्याकाळचा डोस वेळेवर द्या, दुप्पट देऊ नका, आणि पुन्हा चुकवू नका. तिने फोन ठेवला. आठ वाजता चमचा धरायचा होता. जबरदस्तीने दिला असता, तिचीच पोर. पण उद्या सकाळी ती लॅबला गेली की चमचा पुन्हा यमुनाबाईंच्या हातात. आणि खरं सांगायचं तर हात तिचाही थांबत होता. ते खरंच वरून आलं असेल तर? तिला आठच्या आत कळायला हवं होतं. साडेपाचला तिने हन्नाला कडेवर घेतलं आणि देवळाची वाट धरली. घरी ठेवायला मन धजेना.

देवळामागच्या पाहुण्यांच्या खोलीत काशीराम केर काढत होता. बंधू भाट्याला कुणाकडे घरप्रार्थनेला गेले होते. सत्तरीचा काशीराम, अंगात बंडी, कमरेला चाव्यांचा जुडगा. हन्नाने आधी तो जुडगाच धरला.

"काशीरामकाका, पेटीतल्या चिठ्ठ्या कोण वाचतं?"

केरसुणी थांबली. "वाचतं म्हंजे? जाळतो आम्ही."

"जाळायच्या आधी तुम्ही वाचता?" बोलून गेल्यावर तिचे कान तापले. कालपासून हाच एक माणूस तिच्या डोळ्यांपुढे येत होता. चावी त्याच्याकडे, पेटी त्याच्याकडे.

काशीराम हसला, तोंडातले उरलेले चार दात दाखवत. "बाय, मला वाचता आलं असतं तर ही चावी माझ्याकडे राहिली असती काय? आधी माझा बापूस, मग मी. अंगठेवाल्यालाच हे काम. जुन्या पाळकांनी तसं ठरवूनच दिलंय. पोराला बारावीपर्यंत शिकवला, म्हणून त्याला ही चावी मिळायची नाही. बायको अजून टोमणे मारते."

तबिथाला भिंतीत शिरावंसं वाटलं. पण टोचणी तिथेच होती. "मग गेल्या रविवारच्या चिठ्ठ्या? जाळल्या?"

आता त्याचं हसू गेलं. "बंब कुठाय जाळायला? पाळकसाहेबांनी दिवाळीत गीझर बसवला, बंब भंगारात. अंगणात पेटवायला गेलो तर शेजारचा धुराच्या नावाने ओरडतो. म्हटलं, नाताळच्या शेकोटीत सगळ्या एकदम जाळू. पेटी मात्र वेळच्या वेळी रिकामी करतो हो. बुधवारीच केली, पाहुणे यायचे म्हणून. नीट ठेवल्यात, उशीच्या अभ्र्यात. खिळ्याला."

"कुठल्या खिळ्याला?"

काशीरामने केरसुणीने दाखवलं. पाहुण्यांच्या पलंगाच्या उशाशी, हातभर वर, फुलाफुलांचा अभ्रा लटकत होता.

अभ्रा पलंगावर उपडा केला. खालच्या चिठ्ठ्या चारपदरी, आठपदरी, तशाच घट्ट. वरच्या मात्र उघडलेल्या, तळहाताने सपाट केलेल्या, आणि प्रत्येकीच्या कोपऱ्यात लाल पेनाची खूण, वहीत मास्तर करतात तशी. त्यांत जांभळं झाकण होतं. तिचं. खूण 'चमचा' या शब्दाच्या शेजारीच.

"अशा नव्हत्या ठेवल्या मी," काशीराम हळूच म्हणाला. त्याला अक्षर वाचता येत नव्हतं, पण मोडलेली घडी वाचता येत होती. "मी घडी मोडत नाही कधी. पन्नास वर्षांत एक नाही. बाय, कुणी केलं हे?"

विचारता विचारताच त्याचं त्याला कळलं. पलंगाखालच्या पाहुण्यांच्या बॅगेकडे तो बघत राहिला.

तबिथा पलंगाच्या कडेला टेकली. राग यायला हवा होता, पण आधी आलं ते रितेपण. तिने मागितलं होतं, आणि उत्तर आलं नव्हतं. तिचीच चिठ्ठी कुणीतरी तिला वाचून दाखवली होती. एवढ्यावरही मन वळवळलंच: देवाने ह्याच माणसाच्या तोंडून सांगितलं असलं तर? मग तिने हन्नाकडे पाहिलं. ती चाव्या एकेक करून काशीरामच्या पायाच्या बोटांवर मांडत होती. चमचा खाली ठेव म्हणणाऱ्या माणसाने हिचं नावसुद्धा विचारलं नव्हतं.

ढिगात कॅलेंडरच्या पानाचा तुकडा दिसला. तिरकं, थरथरतं अक्षर. भाजीच्या यादीवर ती ते रोज बघायची. त्यावरही लाल खूण होती. तबिथाने नजर वळवली, चाचपत त्याची घडी घातली आणि न वाचता मुठीत धरली. फार कठीण गेलं.

"ह्या दोन नेते, काका."

"ने. बाकीच्या मी आत्ता जाळतो. शेजारच्याला ओरडू दे काय ओरडायचं ते. नि पाळकसाहेबांना मीच सांगतो. चूक माझी आहे, खिळा माझा आहे."

घरी आली तेव्हा सात वाजत आले होते. सभेला जायचं म्हणून यमुनाबाईंनी चांगलं लुगडं पलंगावर काढून ठेवलं होतं. तबिथाने कॅलेंडरचा तुकडा त्यावर ठेवला.

"ही कुठे मिळाली तुला?" यमुनाबाईंचा आवाज चढला. "वाचलीस?"

"नाही, आई. पण दुसऱ्याने वाचली. माझीही." तिने जांभळं झाकण शेजारी ठेवलं, लाल खुणेवर बोट ठेवलं, आणि खिळा, अभ्रा, काशीराम, सगळं सांगितलं.

यमुनाबाई लुगड्याशेजारी बसल्या. चिठ्ठी उघडली, मिटली, पुन्हा उघडली.

"काल मला बाजूला घेऊन म्हणाले, माउली, तुझा मुलगा पाण्यावर आहे, नि तू त्याच्या जुन्या बुटांना हात लावून रडतेस." त्यांनी चिठ्ठी मुठीत दाबली. "बुटांचं मी नितेशच्या बापालाही कधी बोलले नव्हते. मला वाटलं, त्याने वरून बघितलं. मला वाटलं, कुणीतरी बघतंय."

तबिथा त्यांच्या पायाशी बसली. तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. हन्नाला वाटलं हा खेळ आहे. तिने दुसऱ्या गुडघ्यावर हात ठेवला.

"माझ्या रडण्यावर खूण केली गो मेल्याने," यमुनाबाई म्हणाल्या. नाक पुसलं आणि उठल्या. लुगडं घडी करून कपाटात टाकलं. सभेची घंटा झाली तेव्हा दोघींपैकी कुणी हललं नाही.

आठला पाच कमी असताना त्यांनीच फडताळातून बाटली काढली. "आधी दोन शब्द बोल. तूच बोल."

तबिथाने डोळे मिटले. "प्रभू, आम्हां दोघींना शहाणपण दे. आमेन."

"एवढंच? संशय काढून टाक नाही म्हणालीस?"

"नाही म्हटलं. थोडा राहू दे."

यमुनाबाई 'हं' म्हणाल्या. त्यांनी मापाचा चमचा उजेडात धरून पाचच्या खुणेपर्यंत भरला, एक थेंब जास्त वाटला तो बाटलीत परत सोडला. हन्नाने ओठ घट्ट मिटले. "माऊला दे."

"माऊला आकडी येत नाही गो, बाय माझी. आऽ कर. आजीला दात दाखव किती आले." दात दाखवताना औषध गेलं. हन्नाने फसल्यासारखं तोंड केलं आणि मग ओठ चाटले.

यमुनाबाईंनी चमचा धुतला, पुसला. बाटली बंद करून तबिथापुढे ठेवली आणि वर बॉलपेन ठेवलं.

"मार रेघ."

"आई, नको आता."

"मार म्हणते ना. उद्या सकाळी तू नसशील. नि माझं मन माझं मला माहीत आहे."

तबिथाने बाटली दिव्याकडे धरली आणि सकाळच्या रेघेखाली दुसरी मारली.