सर्व्हर कोणी पाडला

आधीच सांगून टाकते, मला माझ्याच हाताचा राग आहे. डोकं विचार करत असतं तोवर हा मेला काम उरकून मोकळा झालेला असतो.

आमची कंपनी रंगांची, अंबरनाथच्या मोरिवलीला. मी तिथे नऊ वर्षं डिस्पॅचला कॉम्प्युटर ऑपरेटर. दिवाळीनंतर आमचे मॅनेजर अभिजीत साहेब म्हणाले, "अस्मिता, गाडीच्या मालाचं चलन आता गेटवरच आपोआप निघणार. ऑपरेटरची जागा बंद. राहायचं असेल तर सर्व्हर सांभाळायला शीक." तीन महिन्यांची मुदत दिली. जमलं तर पक्कं पत्र, नाही जमलं तर घरी. आणि घरात दुसरा पगार नाही.

म्हणून दर शनिवार-रविवार अंबरनाथहून उल्हासनगर कॅम्प चारला, कमलेश सरांच्या लिनक्सच्या क्लासला. वर्गात सगळे माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, आणि शंका विचारणारी मी एकटी. सर सिंधी, अर्धं हिंदीत शिकवायचे, अर्धं मराठीत. एक गोष्ट दर वेळी बजावायचे. "असली सर्व्हरची विंडो लाल करून ठेवा. प्रॅक्टिसची काळी. दोनो काली रखोगे तो एक दिन रोओगे." मी मान डोलवायची. उद्या करू, परवा करू, करत ते राहूनच गेलं.

मुदत संपायला चार दिवस होते. मंगळवार, सकाळचे साडेअकरा. हात मोकळा होता म्हणून टेबलावरच प्रॅक्टिस करत बसले. मशीन सुरू होताना कोणकोणत्या डिस्क जोडायच्या, त्याची यादी एका फाइलमध्ये असते. तिच्यात नव्या डिस्कची ओळ लिहायची, मशीन रीस्टार्ट करायचं आणि डिस्क लागली का ते बघायचं, एवढाच धडा. प्रॅक्टिसच्या मशीनला नवी डिस्क लावूनच ठेवली होती. ओळ लिहिली, रीस्टार्ट दिला, पाण्याची बाटली उचलली.

गेटवरून आवाज आला, "चलन निघत नाय हो."

मी स्क्रीनकडे बघितलं. प्रॅक्टिसची विंडो शेजारी सुखात चालू होती. सकाळी बॅकअप तपासायला खऱ्या सर्व्हरची विंडो उघडली होती, ती मी बंदच केली नव्हती. ओळ तिच्यातच लिहिली होती आणि रीस्टार्टही तिच्यातच दिला होता. जी डिस्क त्या सर्व्हरला नाहीच, ती तो दीड मिनिट शोधणार, मग हात टेकणार आणि उठणार नाही. एवढं मला नक्की येत होतं.

सर्व्हर रूमकडे धावले. आत कैलासदादा. तो आमचा इलेक्ट्रिशियन, मोरिवली गावचाच, ठेकेदाराकडून पंधरा वर्षं इथे. नऊ वर्षांपूर्वी मला या कंपनीत त्यानेच चिकटवलं होतं. त्याच्या हातात पाना आणि पुढ्यात यूपीएस उघडा. बॅटरी बदलायला आला होता. माझ्या पाठोपाठ अभिजीत साहेब आले. त्यांनी आधी पाना बघितला, मग अडकलेली स्क्रीन.

"दिवसा यूपीएसला हात लावायचा नाही, किती वेळा सांगितलं तुला?"

"साहेब, मी आजून हात पन नाय लावला. निस्ता झाकन काढलाय."

"मग काय आपोआप पडला?"

इथे मी बोलायला हवं होतं. चार दिवस, डोक्यात फक्त तेवढंच घुमत होतं. साहेब म्हणाले, "कैलास, तू बाहेर हो. अस्मिता, हा उठव आधी. सहा गाड्या खोळंबल्यात."

कैलासदादा माझ्याकडे बघून बाहेर गेला. मी कीबोर्ड ओढला. मशीनने मुख्य पासवर्ड मागितला. पहिल्यांदा चुकला, दुसऱ्यांदाही चुकला. साहेब मागे उभे होते, त्यांच्या घड्याळाचा पट्टा ते सारखा सरकवत होते आणि मला ओरडावंसं वाटत होतं. तिसऱ्यांदा पासवर्ड लागला. फाइल उघडली, तळाला माझी ओळ. ती काढली, पुन्हा रीस्टार्ट दिला. स्क्रीनवर अक्षरं पळायला लागली, मध्येच थांबली. मग पुन्हा पळाली. थोड्या वेळाने गेटवरून कोणीतरी ओरडलं, "निघालं."

"शाब्बास," साहेब म्हणाले, आणि फोन कानाला लावून बाहेर पडले.

मी एकटी उरले. सर्व्हरमध्ये कोण आलं, काय टाइप केलं, रीस्टार्ट कोणी दिला, हे तो तीन ठिकाणी लिहून ठेवतो. चोर कसा पकडायचा हे शिकवताना सरांनी ती तिन्ही ठिकाणं दाखवली होती. मी तिन्हीकडून आजची सकाळ पुसून टाकली. नीट, एकही चूक न करता. स्वतःची किळस आली, तरी हात थांबला नाही.

अर्ध्या तासाने साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर माझं पत्र, सही झालेलं. बाजूला कैलासदादाचा गेटपास. "ठेकेदाराला सांगितलं, उद्यापासून दुसरा माणूस पाठव," साहेब म्हणाले. गेटपासवर त्याचा जुना फोटो होता, केस सगळे काळे. मला ते बघवेना.

"साहेब, सर्व्हर त्याने नाही पाडला. मी पाडला."

साहेब हसले. "तुझ्या ओळखीचा आहे. वाईट वाटणारच."

"लाइट गेली म्हणून फाइलमध्ये ओळ लिहिली जात नाही, साहेब. ती मी लिहिली होती, चुकून."

"कुठे आहे ओळ?"

"काढली."

"रेकॉर्ड असेल ना पण?"

"पुसलं."

"तूच पाडलास, तूच उठवलास, पुरावाही तूच पुसलास, आणि पत्र समोर असताना येऊन सांगतेस. कोण विश्वास ठेवेल? जा, काम कर." त्यांनी पत्र माझ्या हातात कोंबलं.

पॅसेजमध्ये येऊन कमलेश सरांना फोन लावला. "सर, सर्व्हरवरचं पुसलेलं रेकॉर्ड परत आणता येतं?"

"बॅकअप रात का होगा, उसमें आजचं काही नसणार. ठीक से मिटाया है?"

"हो."

"मग गेलं ते. किसने मिटाया?"

मी फोन कट केला आणि गेटकडे पळाले. कैलासदादा पान्यांची पिशवी घेऊन रस्त्याला लागला होता. त्याला थांबवून एका दमात सगळं सांगितलं, विंडो, ओळ, पुसलेलं, सगळं. वाटलं, शिव्या घालेल. घालू दे, तेवढंच बरं वाटेल.

त्याने सगळं ऐकून घेतलं. "साहेबाला सांगितलास?"

"सांगितलं, दादा. ते मानतच नाहीत."

"मग मना कशाला सांगतेस? मी हात नाय लावला, हे मना माहीतच होता."