चंचलच्या नावाची मूठ

मे महिन्यात एक दिवस आमचं सगळं कुटुंब गावी जमतं. साठेक माणसं होतात. एवढ्यांना भर उन्हाळ्यात पंगत घालायची तर बायका चुलीपुढे भाजून निघतात आणि खर्चही झेपत नाही, म्हणून आमच्याकडे फार पूर्वीपासून बासी करतात. आदल्या संध्याकाळी भात शिजवून, पसरून गार करायचा, मोठ्या गंजांत भरून वर पाणी घालायचं आणि ओल्या कापडानं झाकून ठेवायचा. सकाळपर्यंत त्याला किंचित आंबूस वास येतो. मग त्यात ताक आणि मीठ. सोबत कांदा, जवसाची चटणी आणि आधीच तळून ठेवलेले लाखोळीच्या डाळीचे वडे. खाल्लं की डोकं थंड होतं.

या बासीचा तांदूळ आम्ही मापानं घेत नाही. शनिवारी दुपारी पोत्यापुढे बसून एकेकाचं नाव घ्यायचं आणि एकेक मूठ गंजात सोडायची. येणाऱ्या प्रत्येकाची एक. पोटातल्या बाळाची आईच्या मागोमाग. इतर ठिकाणी असं करतात का, मला ठाऊक नाही. मी पुष्कळ पुस्तकं चाळली, कुठं सापडलं नाही.

चाळीस वर्षं हे काम नंदावहिनी करत होती. या वर्षी ती न्हाणीत घसरली आणि उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. डाव्या हातानं चालत नाही.

"भाऊजी, आता तुम्हीच मोजा," ती मला म्हणाली. "तुम्हाले साऱ्यांची नावं पाठ हायेत."

ते खरं होतं. शाळेच्या ग्रंथालयात नोकरी केली, लग्न केलं नाही, आणि निवृत्तीनंतर वडिलांची वंशावळीची वही पुढे लिहीत बसलो. पण नावं पाठ असणं वेगळं.

"मला जमेल का, वहिनी?"

"मुठीत तांदूळ धराले का बी.ए. लागते?"

मोठी सून रुचिका वडे थापत होती, ती हसली. "करा न, काकाजी. मी वाढणारी, वाढणाऱ्यानं मुठी मोजायच्या नसतात. आणि मामंजींनी मोजल्या तर अर्धे पाहुणे उपाशी राहतील."

मामंजी म्हणजे माझे थोरले भाऊ, चुन्नीलालदादा. ते ओसरीवर पेपर वाचत होते. त्यांनी ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

मी यादी करून बसलो. चुन्नीलाल, एक मूठ. नंदाबाई, एक मूठ. विक्की, रुचिका, त्यांची टिंकू. माझी स्वतःची टाकताना मी जरा लाजलो, आपलंच नाव मोठ्यानं घ्यायची सवय नाही. मग हिमांशू. त्याची मूठ टाकली, पुढची भरून घेतली आणि थांबलो.

हिमांशू हा दादांचा धाकटा. दोन वर्षांपूर्वी त्यानं गोंदियाला कोर्टात लग्न केलं. मुलगी चंचल, देवरीकडच्या जंगलपट्ट्यातली, गोंड घरची. वनखात्यात गार्ड आहे. तेव्हापासून दादा त्याच्याशी बोलले नव्हते. या वर्षी तो येणार हे कळलं होतं. ती येणार का, आणि आलेली दादांना चालेल का, हे मला कळलं नव्हतं.

वहिनी हाताच्या दुखण्यानं आत झोपली होती. मी तिला उठवायला हवं होतं. त्याऐवजी ओसरीवर गेलो, मूठ तशीच धरून.

"दादा, हिमांशूच्या बायकोचं नाव घ्यायचं ना?"

दादांनी पान उलटलं. "तो पंखा कमी कर. पेपर उडून राहिला."

मी पंखा कमी केला. पुन्हा विचारायचं धैर्य झालं नाही. पोत्यापाशी येऊन मी ती मूठ परत पोत्यात सोडली. संध्याकाळी वहिनीला विचारून टाकू, असं स्वतःला सांगितलं. संध्याकाळी भात चुलीवर चढला होता.

रविवारी साडेनऊला हिमांशूची मोटरसायकल फाटकाशी थांबली. मागे चंचल होती. तिनं स्कार्फ सोडला, केस सारखे केले आणि दोघं आत आले. वहिनी दारातच उभी होती. दोघं पाया पडले.

वहिनीनं हिमांशूचा चेहरा डाव्या हातानं कुरवाळला आणि त्याच्या मागे पाहिलं. "चंचल नाही आली का रे? मी फोनवर सांगतलं होतं न, तिले घेऊन ये म्हणून."

चंचल तिच्या पायांपाशी वाकलेली होती.

"ही काय, आई," हिमांशू म्हणाला.

वहिनीनं खाली पाहिलं. "हो, हो. ये बाई," ती हसून म्हणाली. पण तिची नजर चंचलवर ठरली नाही. पाण्यावरून पान वाहत जावं तशी ती सरकत गेली आणि फाटकाकडे लागली. मला वाटलं वहिनी थकली आहे. मला असंच काही ना काही वाटत राहतं.

मग मी पाहत राहिलो. कोणी तिच्याशी वाईट वागलं नाही. कोणी वागलंच नाही. बायका कांदा चिरत बसल्या होत्या, तिथं ती विळी घेऊन बसली, तर तिच्या पुढ्यातला चिरलेला कांदा कोणी उचलला नाही. टिंकू धावत आली आणि तिच्या मांडीवर पाय देऊन पुढे गेली, पायरीवर द्यावा तसा. ती ओसरीवर उभी असताना वहिनीच्या भावानं, नंदलाल मामांनी, फोटो काढायला सगळ्यांना उभं केलं, आणि तिच्या अंगावरून हात पुढे घालून शेजारच्याला म्हणाले, "सरक न बापा, एवढी जागा रिकामी काऊन ठेवली?"

ती बाजूला झाली आणि माझ्याजवळ आली. मी खांबाला टेकून उभा होतो.

"काकाजी, तुम्हाले तर मी दिसून राहिली न?"

"हो."

"मग बरं. म्हणजे हे ठरवून करून राहिले." तिचा आवाज शांत होता. "मले सांगायचं होतं न घरीच. मी आली नसती. माझ्या बाबानं म्हटलंच होतं, जाऊ नको म्हणून. मीच म्हटलं, सासू बोलावते तर जाते."

मला पोत्यात परत सोडलेली मूठ आठवली. मी आत गेलो.

वहिनी माजघरात एकटी बसली होती, हात उशीवर ठेवून. मी विचारलं, "वहिनी, एखाद्याची मूठ राहिली तर काय होतं?"

"कोणाची राहिली?" तिनं चटकन मान वर केली.

"कोणाची नाही. वहीत लिहायला विचारतो."

"राहू देऊ नये," ती म्हणाली. "सासूबाईंकडून एकदा राहिली होती. घाईत. पोटच्या लेकीची. मंदाबाईची."

वंशावळीच्या वहीत वडिलांच्या अक्षरात तीन नावं आहेत: चुन्नीलाल, टिकाराम, मंदाबाई. तिसऱ्या नावापुढे जन्माचं साल आहे आणि पुढे कोरं. तान्हेपणी गेलेली असावी, असं मी धरून चाललो होतो.

"ती लहानपणीच वारली ना?"

"चौदा वर्षांची होती म्हणत. त्या दिवशी कोणी वाढलं नाही तिले. सूर्य बुडेपर्यंत साऱ्यांच्या ध्यानातून गेली. सासऱ्यांच्याही. फक्त सासूबाईंले दिसे, कारण मुठी त्यांनी मोजल्या होत्या. मोजणाऱ्याले दिसते. मरेपर्यंत त्या एक पान वेगळं वाढत. तुम्ही पाहिलं नाही?"

पाहिलं होतं. ते गाईचं पान आहे असं मला वाटायचं. चौदा वर्षं एक मुलगी माझ्यासोबत या घरात वाढली, मी तेव्हा सोळा वर्षांचा असेन, आणि तिचा चेहरा, तिचा आवाज, तिचं एखादं भांडण, काहीच माझ्याजवळ नाही.

"मग मूठ मागून टाकता येत नाही?"

"पाणी पडल्यावर कशी टाकाल? हां, आपल्या पानातली देता येते. बासीत कोणाची मूठ कुठं गेली हे कोणाले कळते? पण पानात पडली ती आपली. ती दिली तर घेणाऱ्याची होते." तिनं पदरानं वारा घेतला. "पण मग देणाऱ्याचं काय राहिलं? कोणी दिली नाही आतापर्यंत. सासूबाईंनीही नाही. पदरी तुम्ही दोघं होते, असं म्हणत."

बाहेर रुचिकानं हाक दिली. पानं मांडली होती.

अंगणातल्या मांडवाखाली दोन रांगा बसल्या. चंचल हिमांशूच्या शेजारी बसली, पुढ्यात पळसाचा द्रोण होता. रुचिका बादली आणि ओगराळं घेऊन आली. विक्की मागून वडे देत होता. हिमांशूच्या द्रोणात बासी पडली, आणि रुचिका पुढच्या माणसाकडे वळली. विक्कीही वळला. चंचलचा द्रोण कोरडाच राहिला.

"हिमांशू," ती हलकेच म्हणाली.

तो कांदा फोडत होता.

"हिमांशू, मले वाढलं नाही."

पलीकडून चुलतभाऊ चंद्रकुमारनं विचारलं, "काय रे, एकटाच आला गाडीवर? ऊन लागलं नाही?"

"एकट्याले काय होते," हिमांशू म्हणाला. "सकाळीच निघालो."

चंचलनं त्याच्या दंडाला हात लावला. त्यानं माशी बसल्यासारखा दंड झटकला. तेव्हा ती घाबरली. सकाळपासून ती रागावली होती, अपमान गिळत होती. आता तिनं मान फिरवून दोन्ही रांगांत कोणाला तरी शोधलं. मला शोधत होती.

माझा द्रोण माझ्या पुढ्यात होता, भरलेला. वर दोन वडे. रुचिका माझ्यापाशी थांबून म्हणाली होती, "काकाजी, ताक अजून देऊ? तुम्ही मागत तर नाही कधी." विक्कीनं एक वडा जास्तीचा टाकला होता. मला वाटायचं, मी या घरात असून नसल्यासारखाच आहे. द्यायचं तर माझ्याइतकं स्वस्तात कोणाला देता येईल? पण तो द्रोण उचलायची वेळ आली आणि हात उचलेना. ताक अजून देऊ का, हे पुन्हा कोणी विचारणार नाही, एवढ्यावरच मी अडलो. ही गोष्ट लिहायला मला लाज वाटते.

मग मी उठलो. दोन रांगांमधून चालत गेलो, द्रोण दोन्ही हातांनी धरून, आणि तिच्यापुढे ठेवला.

"खा," मी म्हणालो. "लवकर."

"तुमचं?"

"माझं झालं. खा, पोरी."

तिनं घास घेतला. पहिला कसाबसा गिळला, दुसरा भराभर. तिसऱ्या घासाला हिमांशू वळून म्हणाला, "चटणी घे न, चंचल. रुचिकावहिनीच्या हातची हाये." आणि तिच्या डोळ्यांतलं पाणी पाहून, "तिखट लागली का?"

"काऊन रडून राहिली ही?" वहिनी पलीकडून ओरडली. "विक्की, तिले ताक दे. पहिल्यांदा आली पोरगी आणि तुम्ही तिले जवसाची चटणी चारून राहिले!"

रांगेच्या टोकाला बसलेल्या दादांनी घसा साफ केला. "वडे वाढा तिले," ते म्हणाले. "जंगलात फिरते ती दिवसभर."

चंचलनं तेव्हा वर पाहिलं, माझ्याकडे. ओठ हलले, काकाजी म्हणायला. मग तिची नजर माझ्यावरून हळूच घसरली आणि मांडवाच्या खांबावर जाऊन थांबली.

मी माझ्या जागेवर परतलो. तिथं आता नंदलाल मामांनी पाय पसरले होते.

चार वाजता पाहुणे निघू लागले. मी फाटकापाशी दादांच्या शेजारी उभा राहिलो, दर वर्षी राहतो तसा. हिमांशूनं गाडी काढली. चंचल दादांच्या पाया पडली, वहिनीच्या पडली, आणि सरळ होता होता मधेच थांबली. ती जमिनीकडे पाहत होती. फाटकाशी पिठासारखी बारीक धूळ साचलेली असते.

ती उकिडवी बसली. "इथं कोणी उभं होतं का?"

"साराच दिवस लोक उभे होते," हिमांशू म्हणाला. "चल न, ऊन लागते."

"नाही. हे आत्ताचे हायेत." तिनं बोट जमिनीपासून वीतभर वर धरून फिरवलं. "चप्पल टाचेला झिजली हाये. म्हातारा माणूस. डाव्या पायावर भार देते. आलेली पावलं हायेत, गेलेली नाहीत."

दादांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, म्हणजे मी होतो त्या जागेकडे, आणि पुन्हा तिच्याकडे.

मी एक पाऊल मागे सरकलो. तिनं ते पाहिलं. तिच्या डोळ्यांपुढे धुळीत एक नवा ठसा उमटला होता. ती ओरडली नाही. जंगलात काही समोर आलं की जागचं हलायचं नाही, हे ती शिकलेली असणार. मग खालच्या आवाजात म्हणाली, "नाव सांगा."

मी सांगितलं. पुन्हा सांगितलं, घशाच्या शिरा ताणून. ती कान देऊन वाट पाहत राहिली. तेव्हा मी चप्पल काढली आणि पायाच्या अंगठ्यानं धुळीत लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे असं मुलं म्हणत असत. पायानं ते चांगलं आलं नाही.

"टि. का. रा. म," तिनं एकेक अक्षर लावलं. "हिमांशू, तुमच्यात टिकाराम कोण हाये?"

हिमांशूनं विचार केला. खरंच केला, कपाळाला आठी पडली. "आजोबाच्या आधीचा कोणी असेल. बाबा, कोण हो?"

दादांनी नकारार्थी मान हलवली.

चंचलनं पिशवीतून गस्तीची वही काढली. गुडघ्यावर ठेवून तिनं तारीख घातली, खाली नाव लिहिलं आणि नावाखाली रेघ ओढली.

"आई, पुढच्या वर्षी मुठी मी मोजते," ती उठत म्हणाली. "कुटुंबाची यादी मले देजा. आणि तिच्यात हे नाव नसलं, तरी मी घेईन."

"घे बापा, तांदूळ का सरून राहिले?" वहिनी म्हणाली.

गाडी सुरू झाली. चंचल मागे बसली आणि वळणापर्यंत मागे पाहत राहिली, माझ्याकडे नाही, फाटकाकडे. मग चाकांची धूळ उडाली, आणि ती खाली बसेपर्यंत मी तिथंच, अक्षरांवर पाय पडू नये म्हणून बाजूला सरून, उभा राहिलो.