उजव्या गालाकडे वळलेली खुर्ची

मित्रांनो, मी एक जुनी, फिरती, बिनपाठीची खुर्ची आहे. पाठ टेकली की माणूस ऐसपैस पसरतो आणि फोटोत पोत्यासारखा दिसतो, म्हणून सुताराने मला पाठ दिलीच नाही.

माझं आयुष्य एका फोटो स्टुडिओत गेलं. माझे धनी फक्त चेहऱ्यांचे फोटो काढत. "जरा डावीकडे वळा," असं ते कुणाला सांगत नसत. सांगितलं की माणूस नुसती मान वळवतो आणि गळ्याला पीळ पडतो. ते मलाच हलकेच फिरवत. कुणाचं नाक वाकडं, कुणाच्या डोळ्यात फूल पडलेलं. ती बाजू आपसूक सावलीत जाई. लोक तोंडभरून कौतुक करत. धनी म्हणत, "चेहरा देवाने दिला, मी नुसता दिवा धरतो."

एकदा एक पाववाला आला. भट्टीच्या जाळाने त्याचा उजवा गाल भाजून चुरगळला होता. कामासाठी तो दूर देशी निघाला होता, लवकर परतणं नव्हतं. घरी नुकती बोलू लागलेली लेक. तिने बापाला विसरू नये, एवढ्यासाठी हा फोटो! धन्यांनी सवयीने मला फिरवलं. डावा गाल उजेडात, उजवा अंधारात. फोटो नामी आला.

दुसऱ्या दिवशी तो बायको-मुलीला घेऊन परत हजर. संध्याकाळी त्याची गाडी होती.

"दादा, फोटो झकास आहे हो," बायको म्हणाली, "पण पोरगी ओळखतच नाही." तिने फोटो लेकीसमोर धरला. "कोण गं हे?"

"काका!"

"घ्या! अजून गाडीत बसलो नाही, तोवर काका झालो," पाववाला हसला. आणि पुन्हा माझ्यावर येऊन बसला.

"कडेवर गेली की ती आधी त्या भाजलेल्या गालावरून हात फिरवते," बायको म्हणाली. "नेमका तोच झाकलात तुम्ही."

"वहिनी, देवापेक्षा जास्त शहाणपण केलं मी," धनी म्हणाले, आणि त्यांनी मला उलट्या बाजूला फिरवलं.

नवा फोटो ओलाच मुलीपुढे धरला. तिने त्या गालावर बोट टेकवलं. "बाबा!"

पाववाल्याने तोंड फिरवलं. त्यासाठी मला फिरवायची गरज पडली नाही.

आता धनी थकले आहेत आणि मी माळ्यावर पडून आहे. माझे आटे गंजलेत. कुणी तेलाचे दोन थेंब सोडले तर अजून गरगर फिरेन; नाही सोडले तरी राग नाही. मागणं एवढंच, की आपल्या माणसाचा फोटो काढण्याआधी त्याला डोळे भरून पाहा. सुरकुती असो, डाग असो, घाईने पुसू नका. घरातलं कुणीतरी त्याला त्यावरूनच ओळखत असतं.