महूची जीप

"या जगात वाहनं दोन प्रकारची असतात. एक मानसाले नेनारं, अन् दुसरं इतिहासाले," असं देवमनने जयंती समितीच्या बैठकीत जाहीर केलं आणि वाक्य लोकांच्या काळजात नीट उतरावं म्हणून तो जरा थांबला. तेवढ्यात आतून त्याच्या आईचा, भागिरथाबाईचा आवाज आला, "देवमन्या, इतिहास मंग नेजो. पह्यले मांगचं दार लाव. बकरी पिठात तोंड घालून राह्यली."

सेक्रेटरी उठले, दार लावून आले, आणि बैठक पुढे चालू झाली.

देवमन रिसोडच्या खरेदी-विक्री संघात कारकून होता. रोज केनवडहून यष्टीने जायचा आणि यष्टी आली तर यष्टीनेच परत यायचा. केनवडच्या बौद्ध वस्तीत त्याच्या शब्दाला वजन होतं. तसं ते सहजासहजी आलेलं नव्हतं. जयंतीची मिरवणूक पूर्वी वस्तीतून निघून वस्तीतच संपायची. ती मोठ्या रस्त्याने, बाजारातून, दुकानांसमोरून न्यायची म्हणून देवमनने तीन वर्षं अर्ज, बैठका आणि एका फौजदाराच्या शिव्या सोसल्या होत्या. पंच्याहत्तर साली त्या रस्त्याची परवानगी मिळाली. मग त्या रस्त्याने बंडीवरून जायचं कसं? जीप पाहिजे, असं ठरलं. जयंतीला मिरवणूक, आणि वर्षभर अडल्या-नडल्याला रिसोडच्या दवाखान्यात न्यायला गाडी. बायकांनी भिशी फोडली, निंदणाला जाणाऱ्यांनी मजुरी दिली. जीप वस्तीची होणार होती.

अकोल्याला एक बरी जीप विकाऊ होती. भिवाजी ती बघूनही आला होता. भिवाजी पूर्वी ट्रकवर ड्रायव्हर होता, आणि गाड्यांच्या बाबतीत तो सहसा खोटं बोलत नसे. पण देवमनच्या मेव्हण्याने महूहून कळवलं होतं की तिथे हरिसिंग म्हणून एक गृहस्थ फौजेतून निकाली निघालेल्या जीपा विकतो.

"महू!" देवमन म्हणाला. "बाबासाहेबांचं जन्मगाव! तथची गाडी सोडून अकोल्याची घ्याची?"

"अकोल्याची इंजनानं बरी हाय," भिवाजी म्हणाला.

"इंजन कुठंबी भेटते, भिवाजी. जन्मभूमी कुठं भेटते?"

जन्मभूमीपुढे गिअरबॉक्सचं काही चालत नाही.

पत्रांना हरिसिंगची उत्तरं हिंदीत आणि छातीठोक यायची. जीप फौजेची, एका हातची, जन्मापासून महूची. शेवटी देवमन आणि भिवाजी जऊळक्याच्या ठेसनावरून छोट्या लायनीच्या गाडीत बसले आणि दुसऱ्या दिवशी महूला उतरले. हरिसिंग मोठा जाणता विक्रेता निघाला. चाचणी म्हणून त्याने दोघांना नवीन हिरव्या रंगाच्या त्या जीपमध्ये बसवलं आणि सरळ जन्मस्थळाच्या जागेवर नेलं. देवमनने चपला काढल्या, माती कपाळाला लावली, डोळे पुसले आणि परत येऊन म्हणाला, "घेतली."

"भाऊ, बोनेट तरी उघडू द्या," भिवाजी म्हणाला.

"इथं उभं राहून घासाघीस करतं का रे? लाज नाही वाटत?"

हरिसिंगने सुद्धा डोळे पुसले. त्याची कारणं वेगळी असावीत.

परतीचा प्रवास खंडवा, बऱ्हाणपूर करत दोन दिवस चालला. जीप उतारावर उत्तम चालत होती. चढावर देवमन खाली उतरून सोबत चालत होता. एकच खोड होती. स्टेअरिंग सोडलं की ती डाव्या अंगाला ओढायची. मेहकर मागे पडलं आणि भिवाजी एकदम म्हणाला, "भाऊ, एक गोष्ट सांगू का? या गाडीले आपला रस्ता मालूम हाय वाटते. खड्डा याच्या आंधी आपसूक हळू होते."

"पुण्याईची गाडी हाय," देवमन म्हणाला. "तिले मानसं समजतात."

तेराव्या तारखेला दुपारी जीप वस्तीत शिरली. पोरांनी गलका केला, बायकांनी चाकांवर फुलं टाकली. भागिरथाबाईने बोनेटवरून हात फिरवून तो डोळ्यांना लावला. महूची धूळ म्हणून दोघा-तिघांनी टायरची माती पुडीत बांधून घेतली. ती माती मेहकरपासून केनवडपर्यंतची होती हे भिवाजीला माहीत होतं, तरी पुडीला कागद त्यानेच फाडून दिला. आसपासच्या खेड्यांत निरोप गेले, की उद्या महूची जीप बघायला या.

दिवस कलताना देवमनची बायको विमलबाई बादली घेऊन जीप धुवायला बसली. मागच्या बाजूला चढली, बाकावर टेकली, आणि फडकं मारता मारता तिचा उजवा हात आपोआप वर गेला. वरच्या नळीला एक लोखंडी कडी होती. हिरव्या रंगाखाली दडलेली, पण तिथेच. हाताने ती न बघता धरली.

विमलबाईने फडकं बादलीत टाकलं आणि कडीवरून बोट फिरवलं. मग तिने देवमनला खुणेने जवळ बोलावलं.

"अवो, ही कडी पाह्यली का?"

"धराले हाय ते. फौजी लोकायले लागते."

"फौजी लोकायले पाळन्याची कडी कायले लागते?"

देवमनने पाहिलं. कडी खरोखर पाळण्याची होती. गोल, पीळ दिलेली.

"ही लखीरामची जीप हाय," विमलबाई हळूच म्हणाली.

लखीराम बाजारातला किराणा दुकानदार. जवळच्याच तांड्यावरचा. पूर्वी त्याची एक निळी जीप होती, केनवड ते रिसोड सवारी न्यायची. जाताना लोक बसून जायचे आणि येताना ढकलत यायचे, अशी तिची ख्याती. तिच्या नावाने आख्खं गाव हसायचं. मागे बसणाऱ्यांना धरायला काही नव्हतं म्हणून लखीरामने घरच्या जुन्या पाळण्याची कडी लोहाराकडून नळीला जोडून घेतली होती. पाच-सहा वर्षांपूर्वी त्याने ती जीप भंगाराच्या भावात अकोल्याला विकली, तेव्हा गावाने पेढे मागितले होते.

"तुले काय मालूम, तेच कडी हाय म्हनून?"

"मले नाही तर कोनाले मालूम?" विमलबाई म्हणाली. "तुमी अकोल्याले टरेनिंगले गेलते. मी लखीरामच्या जीपमंधी निंगाली दवाखान्यात. रिसोड आलं नाही, पन बेबी आली. तवा ह्याच कडीले लोंबकळून होती मी. हे पाहा, एक पीळ उलटा हाय. तो बोटाले रुतला होता, त्याचा वण अजून हाय." तिने बोट दाखवलं. वण कडीत बरोबर बसत होता.

देवमनच्या आता सगळं ध्यानात यायला लागलं. डावीकडे ओढणारं स्टेअरिंग. खड्ड्याआधी हळू होणारी चाकं. पुण्याई.

"तुमी म्हनत होते ना, जन्मभूमीची गाडी पायजे," विमलबाई बादली उचलत म्हणाली. "आनली न मंग. आपल्या बेबीची."

ती हसली. देवमनला हसता येईना. वस्तीने त्याच्या शब्दावर अकोल्याची धड गाडी सोडली होती. बायकांची भिशी, मजुरांची मजुरी, सगळं घेऊन तो चार दिवसांचा प्रवास करून गावचंच भंगार परत घेऊन आला होता. हे उद्या बाजारात फुटलं तर जीपला कोणी हसणार नव्हतं. हसणार होते मिरवणुकीला. तीन वर्षांनी मिळालेल्या रस्त्यावर, पहिल्याच वर्षी. पुढच्या वर्षी रस्ता मागायला तो कोणत्या तोंडाने जाणार होता?

"सांगून टाका सर्वायले," विमलबाई म्हणाली.

"परवा सांगतो. उद्या जाऊ दे."

"अन् उद्या लखीरामनं वळखली तं? दुकानासमोरूनच जाते ना मिरवनूक?"

जात होतीच. दुकान मोठ्या रस्त्याला, डाव्या हाताला. देवमनच्या मनात एकदा आलं की मिरवणूक मागच्या गल्लीने वळवावी. मग त्याची त्यालाच शरम वाटली. ज्या रस्त्यासाठी शिव्या खाल्ल्या, तो एका कडीपायी सोडायचा?

"वळखली अन् त्यानं चारचौघांत इचारलं," तो शेवटी म्हणाला, "तं मी खोटं नाही बोलनार. तथंच सांगीन."

"पाह्यतेच मी," विमलबाई म्हणाली.

चौदा एप्रिलला केनवडच्या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. जीपवर बाबासाहेबांचा फोटो, फोटोला हार, पुढे लेझीम, मागे पांढऱ्या लुगड्यांतल्या बायका. भिवाजी स्टेअरिंगवर. त्याच्या शेजारी देवमन, नवीन टोपी, आणि टोपीखालून कानामागे घामाची धार. मागे भागिरथाबाई, आठ वर्षांची बेबी आणि विमलबाई. विमलबाईचा हात कडीवर. देवमनने तिला सकाळपासून चारदा सांगितलं होतं की कडीला हात लावू नको. तिचं म्हणणं, मग धरू काय?

"भिवाजी, उजव्या अंगानं घे," देवमन पुटपुटला.

"उजवीकडूनच घेऊन राह्यलो, भाऊ. तेच डावीकडे जाऊन राह्यली."

लखीराम दुकानाच्या फळीवर बसला होता. पिळाचं पागोटं, पांढऱ्या मिशा, पुढ्यात गुळाची भेली. लांबून इंजिनाचा आवाज आला तसा त्याने गूळ फोडायचा हात थांबवला. मान जरा तिरपी केली. देवमनला ती मान दिसली.

"जोरानं काढ, भिवाजी."

भिवाजीने पाय दाबला. जीपने एक आचका दिला, नाक डावीकडे वळवलं, रस्ता सोडला आणि लखीरामच्या दुकानासमोर, फळीपासून बरोबर दोन हातांवर येऊन बंद पडली. पूर्वी रोज सकाळी सवाऱ्या भरायला जिथे उभी राहायची, तिथेच.

लेझीम दोन पावलं पुढे जाऊन थांबली. डफ थांबला. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना माणसं होती, काही कौतुकाने आलेली आणि काही काहीतरी बिनसावं म्हणून आलेली. दुसऱ्या जातीची माणसं पुढे सरकली. कोणीतरी खाकरलं.

लखीराम फळीवरून उतरला. सावकाश. जीपला पूर्ण एक फेरी घातली. बोनेटवर हाताचा पंजा ठेवला, जसा म्हशीच्या पाठीवर ठेवतात. मग पुढच्या डाव्या चाकाला जोड्याने एक लाथ मारली. निळ्या जीपला रोज बसणारी ती लाथ केनवडात सगळ्यांच्या ओळखीची होती. गर्दीत एक म्हातारा दुसऱ्याच्या कानाशी लागला. देवमनला वाटलं, संपलं.

"कुठून आनली, देवमनभाऊ?" लखीरामने मोठ्याने विचारलं.

देवमनने उत्तर द्यायच्या आत वस्ती एका आवाजात ओरडली, "महूहून!"

"महूहून?" लखीराम म्हणाला. त्याची नजर जीपच्या मागच्या बाजूला गेली. विमलबाईच्या हातावर, हातातल्या कडीवर, आणि मग कडीखाली बसलेल्या बेबीवर. तो तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिला. विमलबाईने हात काढला नाही. ती बघत होती नवऱ्याकडे.

देवमन खाली उतरला. टोपी काढून हातात घेतली आणि लोकांकडे वळला.

"मंडळी," तो म्हणाला. "मंडळी, ही जीप महूहून आनली हे खरं हाय. पन मले तुमाले एक..."

"थांब," लखीराम म्हणाला. त्याने देवमनच्या खांद्यावर हात ठेवला. हात जड होता. "मिरवनुकीत भाषन कायले ठोकून राह्यला बे? लोकं उन्हात उभे हायेत." मग तो फोटोपुढे गेला, जोडे काढले, पागोटं बोनेटला लागेल इतका वाकला, आणि दुकानातून नारळ आणून जीपच्या पायदानाशी फोडला. कोणीतरी घोषणा दिली, डफ कडाडला, चार गड्यांनी मागून हात लावले आणि जीप गुरगुरून सुरू झाली, जणू तिला तेवढंच पाहिजे होतं.

देवमन अजून टोपी हातात धरून उभा होता. लखीराम जवळ आला. इतका जवळ, की पानाचा वास आला. एवढ्या सगळ्या आवाजात फक्त देवमनलाच ऐकू जाईल असं तो बोलला.

"डायवरच्या सिटाखाली पत्र्याची एक खोबन हाय. तथी माहा अडकित्ता राह्यला होता. जरा हात घालून पाह्य ना, गड्या."