रंग न भरलेली आत्या

दहावीला मी फोटोग्राफी हा विषय घेतला तेव्हा बाबांना आभाळ ठेंगणं झालं. स्वतःचा फोटो स्टुडिओ, त्यात पोरगीही त्याच विषयात, म्हणजे मार्क जणू घरातच पडलेले. "हिला शाळा काय शिकवणार?" असं ते गिऱ्हाइकांना ऐकवायचे.

शाळेने पहिल्याच तासाला शिकवलं ते असं: फोटो काढल्यावर त्यात काही घालायचं नाही, काही पुसायचं नाही. पुसलंत तर शून्य. इकडे बाबांचं निम्मं दुकान पुसण्यावरच चालतं. मुरूम पुसायचे, सुरकुत्या पुसायच्या, नवरदेवाला थोडे केस लावून द्यायचे. लोक खूश होऊन जातात.

परीक्षेच्या प्रकल्पाला एकाच माणसाचे फोटो हवे होते. मी आत्या निवडली. बाबांची ही धाकटी बहीण पडद्यामागे बसून पासपोर्टचे फोटो कापते, काउंटरवर कधी येत नाही. तिच्या चेहऱ्यावर कोड आहे, हनुवटीपासून कपाळापर्यंत पांढरे डाग. घरातल्या एकाही फोटोत ते नाहीत. बाबांनी दरवेळी रंग भरून तिला एकसारखी केलीय.

किती दिवस ती नाहीच म्हणाली. मग एकदा कात्री खाली ठेवून म्हणाली, "काढ बाई एकदाचे. पण तुझ्या बापासारखं रंगवलंस तर याद राख."

काढले. खोटं कशाला बोलू, झकास आले. मग मी कॅमेऱ्यातलं कार्ड बाबांकडे छापायला दिलं आणि तिथेच माती खाल्ली.

परीक्षेच्या दिवशी हॉलमध्ये पोचले तर बाबांनी उत्साहाच्या भरात स्वतःच फोटो भिंतीवर लावूनही टाकले होते. सोबत आत्याला घेऊन आले होते. भिंतीवर कुणीतरी एकाच रंगाची बाई कात्री धरून बसली होती.

"छान आलेत," आत्या म्हणाली आणि तिने रुमाल गालावर धरला.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "बाबा, हे कोणी सांगितलं होतं?"

"अगं, हात आपोआप गेला. चार लोक बघणार, तिला बरं वाटेल म्हणून..."

"मूळ फोटो कुठायत?"

बाबांनी मान खाली घातली. काम झालं की कार्ड रिकामं करायचं, मूळ काही ठेवायचं नाही, ही दुकानाची शिस्त. त्या शिस्तीचा मला इतका राग कधीच आला नव्हता.

मी फोटो उतरवायला लागले. आमचे फोटोग्राफीचे सर धावत आले. "डोकं फिरलंय का? बाहेरचे परीक्षक जेवून येतायत. भिंत रिकामी दिसली तर नापास होशील."

"आणि हे लावले तर, सर?"

बाबा कुजबुजले, "त्यांना कुठे कळणार आहे?"

"तिला कळतंय ना!" मी ओरडलेच. हॉलमधले सगळे वळून बघायला लागले. बघू देत. "सर, शाळेचा कॅमेरा द्या. इथेच पुन्हा काढते, इथेच छापते."

सरांनी घड्याळ बघितलं, कपाळाला हात लावला आणि कपाट उघडलं. मी खिडकीपाशी खुर्ची ओढली.

आत्या जागची हलेना. "राहू दे गं. माझ्यापायी तुझं वर्ष नको बुडायला."

"बुडालं तर माझं बुडेल. तू बस."

ती बसली, पण रुमाल काही सोडला नाही. पोरंपोरी, त्यांचे आईबाप, सगळे भोवती गोळा झाले. मी कॅमेरा डोळ्याला लावला तेवढ्यात बाबा पुढे आले. सवयच ती. त्यांनी बहिणीची हनुवटी धरून डाग नसलेली बाजू माझ्याकडे वळवली.

आत्याने त्यांचा हात बाजूला केला आणि रुमाल त्यांच्या हातात दिला.

"आजवर तू वळवलंस तशी वळले, दादा," ती म्हणाली. "आता मागे जाऊन उभा राहा. पोरीची परीक्षा चाललीय."

बाबा मागे गेले. आत्याने चेहरा सरळ केला.