पिछाडीची गाडी

"पाय काढ! अगं, आधी पाय काढ त्या पेडलवरून!"

मी पाय काढला नाही. उलट आणखी दाबला. चाकं जागच्या जागी गरगरली, मागे वाळूचा फवारा उडाला आणि भावाची फॉर्च्युनर वीतभर आणखी खाली बसली. मग काचेवर टकटक झाली. खांद्यावर फावडं, डोक्यावर कळकट टोपी आणि मिशांत वाळू अडकलेला एक म्हातारा बाहेर उभा होता.

"झालं समाधान?" त्यांनी विचारलं. "आता बंद कर आणि उतर. पोटावर बसवलीस तिला. आता ती चालणार नाही, नुसती खणत बसणार."

"मग काय करायचं?"

"तिच्याऐवजी आपण खणायचं."

मी फावड्यासाठी हात पुढे केला, तर त्यांनी ते पाठीमागे घेतलं. रुतलेल्या माणसाने पहिल्या ओंजळी हातानेच उपसायच्या, हा त्यांचा नियम. "फावड्याला काही कळत नाही पोरी. खाली वाळू ओली आहे की कोरडी, हे हाताला कळतं." इस्त्रीची पँट घालून आलेली मी गुडघ्यांवर बसले आणि चाकामागून वाळू उपसू लागले. वाळवंटात गाड्या घालणाऱ्या आमच्या क्लबची बाकी मंडळी वरच्या टेकडीवर लग्नाला आल्यासारखी ओळीने बसून बघत होती. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. म्हाताऱ्याला दोन्ही दिसलं असणार, कारण तो माझ्याकडे न बघता पलीकडच्या चाकाशी बसून मुकाट खणत राहिला.

ही अबू सलमांची आणि माझी पहिली भेट.

ते मूळचे सीरियातल्या सलमियाचे. शारजात येऊन सुपरमार्केटांची शीतगृहं दुरुस्त करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. "आठवडाभर बर्फात आणि शुक्रवारी तव्यावर," असं त्यांची बायको म्हणायची. आम्हा अरबांत बापाला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारतात. यांना मुलगा नव्हता, एकच मुलगी, म्हणून ते सलमाचे बाप, अबू सलमा, आणि त्यांची बायको सलमाची आई, उम्म सलमा. कुणी त्यावरून हळहळलं, की ते विचारायचे, "तुमच्या मुलग्याचा शेवटचा फोन कधी आला होता?" सलमा स्वीडनमध्ये होती आणि तिचा फोन दर गुरुवारी यायचा.

मी का गेले या क्लबात, ते सांगते. मी इस्पितळात एक्स-रे काढते. भाऊ कॅनडाला गेला तेव्हा गाडी माझ्याकडे सोडून म्हणाला, "विकून टाक, तुला काय जमणार आहे." त्या वाक्यासाठी मी गाडी ठेवली. बाकी वाळवंटाची मला काही ओढ वगैरे नव्हती.

दर शुक्रवारी सकाळी आम्ही मलीहाच्या रस्त्यावरच्या पेट्रोल पंपाशी जमायचो. टायरांतली हवा निम्म्याहून कमी करायची, म्हणजे टायर पसरतो आणि वाळूवर तरंगतो. मग सुहैल रांग लावायचा. सुहैल इथलाच, आमचा म्होरक्या. त्याची गाडी पहिली. त्याच्या लगेच मागे, दुसऱ्या नंबरला, सगळ्यांत कच्चा ड्रायव्हर, कारण त्याला समोर ताजी चाकोरी मिळते आणि त्याच्यावर सुहैलची नजर राहते. जसजसा हात सुधारेल तसतसं मागे सरकायचं. आणि सगळ्यांच्या शेवटी पिछाडीची गाडी. पिछाडीवाला रुतला तर त्याच्यामागे काढायला कुणी नसतं, म्हणून तिथे सगळ्यांत पक्का माणूस लागतो. आमची पिछाडी म्हणजे अबू सलमांची पांढरी पजेरो. प्रत्येक टेकडी ओलांडली की वॉकीटॉकीवर त्यांचा आवाज यायचा, "सगळे आले. मागे फक्त वाळू." ते ऐकल्याशिवाय सुहैल पुढे हलायचा नाही.

मी दुसऱ्या नंबरवरून आठव्यावर यायला दोन हिवाळे घेतले. बहुतेक सगळं अबू सलमांनी शिकवलं. दुपारी सगळे थांबले की ते माझ्या शेजारी बसायचे, मांडीत मत्तेचा, म्हणजे त्यांच्या गावाकडच्या कडू पाल्याच्या चहाचा पेला, त्यात ओढायला धातूची नळी. गाडी उतारावर तिरपी चालली की मी जीव मुठीत धरायचे.

"कलंडतेय असं वाटलं की चाक उताराकडे फिरव," ते सांगायचे.

"म्हणजे पडायच्या बाजूला?"

"पडायच्याच बाजूला. वर पळायला गेलीस की लोळलीस. आणि माझा मत्ते सांडला तर याद राख."

दोर लावायलाही त्यांनीच शिकवलं. एक गाडी दुसरीला ओढत असताना दोर तुटला तर चाबकासारखा येतो, म्हणून त्यावर जड काहीतरी टाकायचं. अबू सलमांकडे त्यासाठी एक लाल सतरंजी होती. "बैठकीतली आहे," ते दबक्या आवाजात म्हणाले. "उम्म सलमाला वाटतं, धोब्याने हरवली."

दुसऱ्या हिवाळ्यात ते मला सारखे काहीबाही विचारायला लागले. "त्या दोन टेकड्यांमध्ये खोलगट आहे का गं? की सपाट?" "ती झाडाची सावली की खड्डा?" मला वाटायचं माझी परीक्षा घेतायत. मी मोठ्या हुशारीने उत्तर द्यायचे. "शाबास," ते म्हणायचे आणि तसे जायचे. कधी थर्मास शेजारी असायचा आणि ते वाळू चाचपत असायचे. मी उचलून हातात द्यायचे. म्हातारपण, दुसरं काय, असं मी समजले. एक्स-रे काढण्यात माझा हात कुणी धरणार नाही, पण समोरच्या माणसाचं मला एवढंच दिसत होतं.

मग तो फेब्रुवारीतला शुक्रवार आला. सूर्य डोक्यावर होता. अशा वेळी सावल्या नाहीशा होतात आणि सगळी वाळू एकसारखी पांढरी दिसते. रोडेलची गाडी रांग सोडून बाजूच्या खळग्यात घसरली. रोडेल फिलिपिनो, एका हॉटेलात स्वयंपाकी. तो खाली चाकापाशी फावड्याने खणत होता. येणाऱ्या गाडीला थांबवायला मी कड्यावर उभी राहिले, अंगात नारिंगी जाकीट, डोक्यावर दोन्ही हातांची फुली. अबू सलमा दोर घेऊन येत होते. त्या बाजूला कुणाचीच चाकोरी नव्हती.

पजेरो आली आणि थांबली नाही. मी बाजूला उडी घेतली. गाडी कड्यावरून उतरली, घसरत गेली आणि रोडेलपासून हातभर अंतरावर थांबली. चाकाखाली फावड्याचा दांडा काडकन मोडला.

"अबू सलमा," रोडेल बसल्या जागेवरून म्हणाला, "मला अजून लग्न करायचंय हो!"

कुणी हसलं नाही. अबू सलमा उतरले. त्यांनी फावड्याचे दोन तुकडे उचलले आणि माझ्याकडे वळून विचारलं, "तू कुठे उभी होतीस?"

"समोर," मी म्हणाले. "तुमच्या समोरच होते."

त्यांनी मान हलवली. त्या दिवशी त्यांनी मत्ते केला नाही.

मंगळवारी ते इस्पितळात माझ्या खोलीच्या दाराशी आले. दाढी केलेली, अंगात कोट. त्यांचा दंड धरून उम्म सलमा उभी होती.

"तुझ्या त्या यंत्रात डोळ्यांचं दिसतं का गं?"

"नाही हो. हाडांचं दिसतं."

"मग राहू दे. हाडं चांगली आहेत माझी."

"सांग तिला नीट," उम्म सलमा म्हणाली. "सोंगं पुरे झाली."

काचबिंदू होता. डावा डोळा गेल्यात जमा होता. उजव्याने नळीतून बघितल्यासारखं मधलं तेवढं दिसायचं आणि ती नळीही अरुंद होत चालली होती. पिछाडीला चालत होतं, ते म्हणाले, कारण पुढे सगळ्यांच्या चाकोऱ्या असायच्या. त्या धरून जायचं. जिथे कळायचं नाही तिथे मला विचारायचं.

"रस्त्यावर गाडी चालवणं उन्हाळ्यातच सोडलं, पंपापर्यंत मेहुणा आणतो. तिथे माणसं असतात," ते म्हणाले. "वाळवंटात कोण येतंय आडवं, असं वाटलं मला." मग म्हणाले, "तू आलीस."

मला त्यांचा खूप राग आला. आणि त्यांचा हात हातात घेऊन बसावंसंही वाटलं. मी दोन्हींतलं काहीच केलं नाही. "सुहैलला सांगावं लागेल," मी म्हणाले. "तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन."

"सांगतो मीच. पण बोलून नाही जमायचं मला."

शुक्रवारी पजेरो त्यांचा मेहुणा चालवत घेऊन आला. हवा काढून झाली. सुहैल रांग लावायला उभा राहिला. एकेक नाव घेत शेवटापर्यंत आला. "आणि पिछाडी..." म्हणाला आणि घुटमळला. त्याच्याही मनात काही होतंच, पण वडीलधाऱ्या माणसाला कसं सांगायचं, ते त्याला सुचत नव्हतं.

तेवढ्यात पजेरो सुरू झाली. मेहुणा चालवत होता, अबू सलमा त्याच्या शेजारी. सगळ्या रांगेच्या कडेने हळूहळू ती पुढे आली, आमच्या प्रत्येकाच्या खिडकीवरून, आणि सुहैलच्या मागे जो नवा इंजिनियर उभा होता त्याच्यापाशी थांबली. अबू सलमांनी काच खाली केली.

"मागे सरक रे बाबा. ही जागा माझी."

इंजिनियरला काही कळलं नाही, तो सरकला. बाकी सगळ्यांना कळलं. रोडेल स्वतःच्या बुटांकडे बघत राहिला. सुहैल पजेरोशी गेला, खिडकीत वाकला आणि त्याने अबू सलमांच्या कपाळाचं चुंबन घेतलं. आपल्या आजोबांचं घेतात तसं.

"सोप्या वाटेने नेतो," तो म्हणाला. "फक्त माझ्या चाकोरीत. आणि आजच्यापुरतं."

"हो, कॅप्टन," अबू सलमा म्हणाले. इतक्या वर्षांत त्यांनी सुहैलला कॅप्टन म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं.

मग ते उतरून, हाताने गाड्या चाचपत, पार मागे माझ्यापर्यंत आले आणि न विचारता माझ्या डिकीत दोर ठेवला. त्यावर लाल सतरंजी.

"पिछाडी तुझी."

"मला नाही जमायचं."

"हे तुझ्या भावाने म्हटलं होतं. तू कशाला म्हणतेस?"

"आणि फावडं?" त्यांच्या खांद्यावर नवा दांडा घातलेलं फावडं होतं.

"ते असू दे माझ्याकडे. सवय आहे."

मेहुणा उतरून पंपावर थांबला, पजेरो चालवायला अबू सलमा बसले आणि आम्ही निघालो. वॉकीटॉकीवर सुहैलचा आवाज ऐकू येत होता. "अबू सलमा, जरा डावीकडे. आता सरळ. दाबा, दाबा. शाबास." आणि नवख्यांना शिकवलेलं असतं तसं त्यांचं उत्तर, "ऐकलं." एकेकाळी मलाही असंच बोलत नेलं होतं. पहिली टेकडी ओलांडून मी म्हणाले, "सगळे आले. मागे फक्त वाळू." आवाज नीट निघाला नाही. दुसऱ्या टेकडीवर बरा निघाला.

तिसरीच्या चढावर पुढून पुन्हा "शाबास" ऐकू आलं आणि माझे डोळे भरले. पाय नकळत सैल पडला, तोही नेमका भुसभुशीत वाळूत. गाडी बसली. पिछाडीची गाडी, पहिल्याच दिवशी. पुढचे सगळे पलीकडे उतरून गेले होते. लाज इतकी वाटली, की कुणाला कळायच्या आत निघू, म्हणून मी पेडल दाबलं. दोन हिवाळे शिकून तेच केलं. गाडी पोटावर आली. मी उतरून हातांनी वाळू उपसू लागले.

आत वॉकीटॉकी बोलत होता. "चला, पुढे निघू," सुहैल म्हणाला.

"थांबा," अबू सलमांचा आवाज. "मागून काही आलं नाही."

"इब्तिसाम?"

मी धावत जाऊन बटण दाबलं. "येतेच. दोन मिनिटं."

"पाय काढ," अबू सलमा म्हणाले. एवढंच.

"मी जातो मागे," रोडेल म्हणाला.

"थांब रोडेल," सुहैल म्हणाला. "अबू सलमा, अहो, कुठे निघालात? ऐका तरी..." मग सुहैल हळूच म्हणाला, "चालत निघालेत ते. जाऊ द्या त्यांना."

मी वाळूत बसून वर बघत राहिले. बऱ्याच वेळाने टेकडीच्या माथ्यावर आधी फावडं दिसलं, मग टोपी, मग ते. चाकोऱ्यांतून चालत आले असणार. पण माथ्यावर वारा होता आणि तिथल्या चाकोऱ्या त्याने पुसून टाकल्या होत्या. ते थांबले. कपाळावर हात धरून खाली बघू लागले. मी उभी राहिले, नारिंगी जाकीट काढलं आणि डोक्यावर जोरजोरात हलवलं. आमच्यात फार अंतर नव्हतं. ते पलीकडच्या घाफच्या झाडाकडे बघत होते.

मी गाडीत हात घालून हॉर्न दाबला.

ते वळले. "दिसलीस, दिसलीस!" त्यांनी वरून ओरडून सांगितलं. "बंद कर ते भोकाड!"

टाच रोवत, फावड्याने पुढची वाळू चाचपत ते आवाजाच्या दिशेने उतरू लागले. ते गाडीपाशी पोचेपर्यंत मी हॉर्नवरचा हात काढला नाही.